तिच्यासाठी जरूर धावा, पण आधी तिच्या आईकडे जाऊन या

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात)

ताई, मी ४१ वर्षांची, ठाण्यात राहते, नोकरी करते. आम्ही सहा जणी डोंबिवलीच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. त्यातली एक गेल्या जानेवारीत रक्ताच्या कर्करोगानं गेली. अकरा महिने आजारी होती. तिला बारा वर्षांची मुलगी आहे. उरलेल्या आम्ही पाच जणींनी ठरवलंय की येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये तिच्या स्मरणार्थ हाफ मॅरेथॉन धावायची, टी-शर्टवर तिचा फोटो छापायचा आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी पाच लाख रुपये जमवायचे. दोघी आधीपासून धावतात. मी आजवर बस पकडायलाही धावलेली नाही. तिच्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "करा तुम्हाला योग्य वाटेल ते." माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हा दिखाऊपणा आहे, पैसे द्यायचे तर गुपचूप द्या. मला मात्र धावायचंच आहे. त्रास झाला तरी चालेल, खरं तर व्हायलाच हवा असं वाटतं. शेवटचे दोन महिने मी तिला भेटायला गेले नाही. तिला प्लेटलेट्स लागत होत्या तेव्हा रक्तपेढीत गेले होते, हिमोग्लोबिन १०.८ भरलं म्हणून परत पाठवलं. त्यानंतर जाणंच झालं नाही. मी धावू का? आणि लोकांकडे पैसे कोणत्या तोंडानं मागू?

उत्तर

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, प्रश्न धावण्याचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या तीन-चार ओळींपाशी अडले. टी-शर्ट, पाच लाख, नवऱ्याचं बोलणं हे सगळं तुम्ही नीट मांडलंत आणि १०.८ हा आकडा जाता जाता लिहून टाकलात. वर्ष होत आलं तरी तो तुम्हाला दशांशासकट पाठ आहे. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

रक्त किंवा प्लेटलेट द्यायच्या असतील तर आपल्याकडे हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. हा नियम देणाऱ्याच्या जिवासाठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. रक्तपेढीतून परत येणाऱ्या तुम्ही काही एकट्या नाही. बोटाला सुई टोचणाऱ्या त्या बाईनं तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की बाई, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुम्ही मात्र ऐकलंत की मैत्रिणीच्या मरणाच्या वेळी मी काही कामाची नाही. आणि मग रिकाम्या हातानं तिच्यासमोर कसं उभं राहायचं, या विचारात एक रविवार गेला, दुसरा गेला, आणि असे दोन महिने निघून गेले.

असंच झालं असेल ना? मी हे ठामपणे लिहिते आहे, कारण एका मित्राच्या आजारपणात मीसुद्धा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन, शहाळंवाल्याकडून दोन शहाळी घेऊन, तीच हातात घेऊन घरी परत आले आहे. त्याला काय बोलू, हे सुचेना म्हणून. तो गेल्यावर कितीतरी महिने माझ्या डोळ्यासमोर ती दोन शहाळी यायची. त्यामुळे तुम्हाला काय वाटत असेल ते मी बाहेरून बघून लिहीत नाहीये.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, "त्रास व्हायलाच हवा." आपल्याकडे मनाला टोचणी लागली की देहाला शिक्षा करायची जुनी सवय आहे. कुणी अनवाणी डोंगर चढतं, कुणी पाण्याचा थेंब न घेता उपास करतं. तुमची हाफ मॅरेथॉन मला त्याच वाटेनं जाताना दिसते. पेडर रोडच्या चढावर पोटऱ्या भरून आल्या की ते दोन महिने वजा होतील, असा हिशोब मनात कुठेतरी चालू आहे. तो हिशोब जुळणार नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगायला हवं. एकवीस किलोमीटर पूर्ण होतील, गळ्यात पदक पडेल, आझाद मैदानाच्या धुळीत तुम्ही पाय पसरून बसाल, आणि तेव्हाही ती भेट राहिलेलीच असेल. मला भीती त्या क्षणाची वाटते. शिवाय शिक्षा म्हणून धावणारा माणूस गुडघ्याचं ऐकत नाही. दुखतंय म्हणून थांबावं, हे त्याला सुचत नाही, कारण दुखावं म्हणूनच तो निघालेला असतो.

म्हणून धावू नका असं म्हणते आहे का? नाही. धावा. फक्त कशासाठी धावायचं, ते थोडं बदलून बघूया.

तुमच्या यजमानांचा मुद्दा आधी घेते, कारण तसं वाटणारे खूप जण आहेत आणि त्यांच्या मनात वाईट नसतं. नाव न सांगता द्यावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, ही आपली शिकवण आहेच. पण गेलेल्या माणसाचं नाव दहा जणांच्या डोळ्यासमोर राहावं, हीही आपल्याच मातीतली रीत आहे. गावच्या शाळेतल्या पंख्याच्या पात्यांवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असं लाल रंगात लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. एस.टी. स्टँडवरच्या बाकावर, पाणपोईच्या टाकीवर, देवळाच्या पायरीवर. त्याला कुणी दिखाऊपणा म्हणत नाही, कारण त्या बाकावर माणसं बसतात आणि त्या टाकीचं पाणी पितात. आणि पायांनी आठवण करण्याचं म्हणाल तर, वडील गेल्यावर त्यांची वारी मुलानं पुढे चालवायची ही परंपरा किती घरांत आहे! आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालताना तो काही मिरवत नसतो. यजमानांशी वाद घालू नका, त्यांना एवढंच सांगा की पाणी पिण्याची सोय झाली की टाकीवरचं नाव कुणाला खुपत नाही. आपल्या धावण्यातून कुणाची सोय होणार आहे, ते मात्र तुम्हाला पक्कं माहीत हवं.

इथे मला कॅनडाच्या टेरी फॉक्सची आठवण होते. हाडाच्या कर्करोगात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज साधारण एका मॅरेथॉनएवढं अंतर, असे १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. रोग फुप्फुसात पसरला म्हणून १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं, आणि पुढच्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक म्हणजे निघण्याआधी त्यानं वर्षाहून अधिक काळ सराव केला होता. दुसरी ही की उपचार घेताना वॉर्डात आजूबाजूला जे दिसलं, त्यासाठी तो धावला. पैसे कर्करोगावरच्या संशोधनाला जायला हवेत, हे त्याचं ठरलेलं होतं, आणि त्यासाठी देशातल्या प्रत्येक माणसाकडून त्यानं एक डॉलर मागितला.

तुम्हाला वॉर्डात काय दिसलं? "कर्करोगाच्या रुग्णांसाठी" हे फार मोठं, फार धूसर आहे. पाच जणी एकदा चहाला बसा आणि त्या अकरा महिन्यांत तिचं नेमकं कशावाचून अडलं, ते आठवा. गोळ्या-इंजेक्शनांचे पैसे? हॉस्पिटलजवळ राहण्याची जागा? लेकीला शाळेतून आणणारं कुणी? परळला टाटा मेमोरियलच्या बाहेर फुटपाथवर पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, कर्करोग झालेल्या लहान मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना फुकट राहायला देणारी सेंट ज्यूडसारखी संस्था आहे. नावं उदाहरणादाखल दिली. तुम्ही निवडाल ती संस्था एकदा स्वतः जाऊन बघा, तिथल्या माणसांशी बोला. मग लोकांकडे मागताना तुमच्या तोंडून जे येईल ते आपोआप खरं असेल.

तुमच्या पत्रावरून मला तरी वाटतं की तुमचं उत्तर प्लेटलेट्सशी जोडलेलं आहे. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी "आज रात्रीपर्यंत दाता हवाय" असे मेसेज फिरत राहतात. तुमच्या ग्रुपवरही ते फिरले असतील. यंत्रावर एका दात्याकडून प्लेटलेट्स काढायला तास-दीड तास लागतो, आणि असा दाता अठ्ठेचाळीस तासांनंतर पुन्हाही देऊ शकतो, फक्त आठवड्यात दोनदा आणि वर्षात चोवीस वेळा ही मर्यादा. (पूर्ण रक्त देणाऱ्या पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागतं.) आता विचार करा, तुमच्या सोसायटीतल्या, ऑफिसातल्या चाळीस धडधाकट माणसांची एक यादी झाली, नाव, रक्तगट, फोन, रविवारी मोकळे की रात्री, आणि ती जवळच्या एखाद्या रक्तपेढीकडे राहिली, तर पुढच्या एखाद्या घरात त्या मेसेजची धावपळ होणार नाही. ज्याला पैसे देणं जमत नाही त्याला "मग यादीत नाव द्या" म्हणता येईल. तरुण मुलं असतील तर गालाच्या आतून स्वॅब घेऊन मूळ पेशी (स्टेम सेल) देणाऱ्यांच्या नोंदवहीत नाव घालता येतं, तेही सुचवा.

धावण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या जानेवारीत तुम्ही दहा किलोमीटर करा, हाफ नको. सरावातल्या दोघींना हाफ धावू दे. उरलेल्यांपैकी कुणाला दहाही नको वाटत असेल तर ड्रीम रन आहे, साधारण सहा किलोमीटरची, हातात फलक घेऊन लोक गप्पा मारत चालतात. तिथे तिची लेकसुद्धा येऊ शकते, आयोजकांची वयाची अट तेवढी बघून घ्या. प्रत्येकीनं एकाच अंतरात आपलं प्रेम सिद्ध करायचं नाहीये. धर्मादाय संस्थांमार्फत मिळणाऱ्या बिबसाठी, म्हणजे छातीवर लावायच्या धावपटू क्रमांकासाठी, ठरावीक रक्कम उभी करावी लागते, आणि हे नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून नोंदणी सुरू होताच वाचून घ्या.

आणि पहिलं पाऊल बुटांच्या दुकानात नाही, डॉक्टरांकडे टाका. वय चाळिशीपार, सरावाची सवय नाही, आणि हिमोग्लोबिन गेल्या वर्षी १०.८. ते आता किती आहे? मला खात्री आहे की तुम्ही नंतर तपासलेलं नाही. रक्त कमी असताना धावायला लागलात तर चार पावलांत धाप लागेल आणि तुम्ही म्हणाल, मी कामाचीच नाही. पुन्हा तेच वाक्य! रक्त का कमी आहे ते शोधायला सांगा, पाळीत जास्त जातं का तेही मोकळेपणानं बोला, गोळ्या दिल्या तर सांगतील तितके महिने घ्या. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा.

डॉक्टर हो म्हणाले की आठवड्यातून तीनच दिवस. दोन मिनिटं हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. वेग एवढाच की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं. तलावपाळीला पहाटे साडेपाचला तुमच्यासारख्याच सुरुवात करणाऱ्या बायका भेटतील. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नका, नवीन काही खाऊ नका. आणि गुडघा दुखला तर थांबा. मी हे तुम्हाला मुद्दाम लिहिते आहे.

पैसे मागायची लाज वाटते म्हणता. स्वतःच्या खिशासाठी मागत नाही आहात, तरी ती वाटणारच. दोन-चार पथ्यं पाळली तर ती कमी होते. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे, तुमच्या गुगल पेवर एक रुपयाही घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. पावती संस्थेचीच. देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवायची असेल तर दोन हजारांच्या वर रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्यांना ती मिळतच नाही, हे आधी सांगा म्हणजे मार्चमध्ये कुणी तुमच्यावर चिडणार नाही. नोंदणीची फी, बूट, टी-शर्ट हा खर्च तुम्ही पाच जणींनी स्वतःचा करा आणि तसं लिहा. तिच्या आजाराचे तपशील, रिपोर्ट, हॉस्पिटलातले फोटो मेसेजमध्ये घालू नका. आणखी एक, ज्यांनी तिच्या उपचारांच्या वेळी मदत केली होती, त्यांच्याकडे पुन्हा हात पुढे करू नका. त्यांना फक्त कळवा. पाच लाखांचा आकडा कुणी आणि का ठरवला, हेही एकदा एकमेकींना विचारा. ऐंशी हजार जमले तर तुम्ही तिच्यावर कमी प्रेम केलंत असं वाटणार असेल, तर तो आकडा आत्ताच खाली आणा.

आता टी-शर्ट. तिच्या मुलीच्या जागी उभं राहून बघा. आईचा चेहरा पाच जणींच्या छातीवर, घामानं भिजलेला, ओळख नसलेली माणसं बाजूनं धावताना त्याच्याकडे बघतायत. कदाचित तिला अभिमान वाटेल. कदाचित पोटात गोळा येईल. शर्यत संपल्यावर त्या टी-शर्टांचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. सहा महिन्यांनी तो घरात घालायला निघतो, वर्षानं त्याचं फडकं होतं. तिचा चेहरा ओट्याशी पुसायला येईल, ही कल्पना मला सहन होत नाही. नाव चालेल. कॉलेजातलं तिचं लाडाचं नाव असेल, तर ते पाठीवर लहान अक्षरात लिहा. की मनगटावर पेनानं, जे फक्त तुम्हाला दिसेल. फोटो हवाच असेल तर तो कोणता, हे लेकीला निवडू दे. तिनं नको म्हटलं तर विषय संपला.

"करा तुम्हाला योग्य वाटेल ते" या उत्तरावर मात्र विसंबू नका. बायको गेलेला माणूस, पदरात बारा वर्षांची मुलगी, त्यात पाच जणी उत्साहानं विचारायला येतात, तो दुसरं काय म्हणणार? महिन्यानं पुन्हा एकदा, एकटीनं जाऊन विचारा, आणि नाही म्हणायला त्याला जागा ठेवून विचारा. जानेवारीतच तिचं वर्षश्राद्ध येईल. त्या घरात त्या दिवसांत काय चाललेलं असेल, याचा अंदाज घेऊनच तारखा ठरवा.

आणि तिची आई? पाच लाखांपर्यंत सगळं ठरलं, पण पत्रात तिच्या आईचा उल्लेखच नाही. कॉलेजात असताना तुम्ही सहा जणी तिच्याकडे जमत असाल, त्या माउलीच्या हातचं खाल्लं असेल. तिला कुणी सांगितलंय का?

म्हणून माझा सल्ला हा की नोंदणी, डॉक्टर, बूट सगळं पुढच्या आठवड्यात. या रविवारी डोंबिवलीची गाडी पकडा. आदल्या दिवशी फोन करून विचारा, "काकू, येऊ का?" ग्रुपला सोबत नेऊ नका. मॅरेथॉनचा विषयही पहिल्या अर्ध्या तासात काढू नका. त्यांना तिच्याबद्दल बोलू दे. आणि मग सांगा, "काकू, मी शेवटचे दोन महिने आले नाही. मला परत पाठवलं होतं, माझं रक्त कमी भरलं, त्यानंतर मला यायचं धाडस झालं नाही." एवढंच. त्यापुढे कारणं देऊ नका.

त्या काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. कदाचित "तिला वाटायचं गं तू येशील" असं म्हणतील, आणि ते तुम्हाला ऐकावं लागेल. ते ऐकून उठून जाऊ नका, बसून राहा. कदाचित पदर डोळ्याला लावून चहा टाकायला उठतील. तुम्हीही मागोमाग ओट्यापाशी जा, आणि चहा होईपर्यंत त्यांच्या शेजारी उभ्या राहा.

तुमचं हिमोग्लोबिन किती भरलं ते मला नक्की कळवा.